कुसुमची दहा मिनिटांची खिचडी

कुसुम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पालक निवडत होते. माझी धाकटी जाऊ, मंगरूळपीरच्या एकाच घरात चाळीस वर्षं सोबत काढलेली… आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? आता सई खाऊ कोणाकडे मागेल, हे. रडू त्यानंतर आलं. सांगायला लाज वाटते, पण क्रम तोच होता.

सई माझी सख्खी नात. कॉलेजात गेल्यापासून पाठीवर सॅक लावून डोंगर चढते. आमचं घर जैन, सूर्य बुडायच्या आत जेवणारं. तो नेम तिनं डोंगरावरही सोडला नाही. म्हणून कुसुम तिला वाळवलेल्या खिचडीची पाकिटं करून द्यायची. वजन मुठीएवढं, उकळतं पाणी ओतलं की दहा मिनिटांत जेवण. मी द्यायचे पुरणपोळ्या, स्टीलचा डबा, लोणच्याची बरणी. "आजी, हे उचलाले गाढव लागंल," म्हणत सई माझा डबा ओट्यावरच ठेवायची. मी जळायचे. तेव्हाची मी म्हणजे वय साठ आणि अक्कल सहा वर्षांची.

एकदा कुसुमचं पाकीट चोरून उघडलं. तांदळाची कणी, मुगाची डाळ, पालकाचा चुरा, जिरं, हिंग. हात्तिच्या, यात काय मोठं! डाळ-तांदूळ खमंग भाजले, मसाला घातला आणि तिच्या पाकिटांच्या जागी माझी सरकवून दिली. सईनं वाहवा केली की मग नाव सांगायचं, असा बेत. कुसुम खिचडी आधी पूर्ण शिजवते आणि मग उन्हात वाळवते, हे विचारायचा कमीपणा कोण घेणार…

मेळघाटाच्या डोंगरात डाळ शिजेना. सूर्य बुडाला. पोरगी उपाशी झोपली. घरी येताच कुसुमला म्हणाली, "छोटी आजी, काय देल्लं वं तू? दाळ दातात कडकड वाजे."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. एकच नजर. मग म्हणाली, "माझंच चुकलं माय. शिजवाचंच इसरली."

मी उगाच भांडी आवरत बसले. वर राग आला तो तिचाच. दुपारी एकटी सापडली तेव्हा विचारलं, "काहून झाकलं?"

"बाई, तुमाले तिची लय हाव हाय. मले दिसते."

हाव… तो शब्द अजून टोचतो. त्यानंतर आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

ती गेल्यावर महिन्याभरानं सई पुन्हा डोंगरावर निघाली. या वेळी मी खिचडी शिजवली, कुसुमच्या जुन्या पातळावर पसरली, तीन उन्हं दिली. दिवस मावळायच्या आत फोन आला. "आजी, मस्त झाली. छोट्या आजीचं तरी एकदा चुकलं होतं, तुले पहिल्याच खेपेले जमलं."

ज्या शब्दांसाठी इतकी वर्षं तरसले, ते असे आले. क्षणभर मी ते घेतलेही, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, "सई, ते कच्चं पाकीट माझं होतं."

तिकडून वाऱ्याच्या आवाजात सई हळूच म्हणाली, "छोटी आजी तं कधी बोलली नाही."

"तेच तं. तिथंच बाजी मारून नेली तिनं."

परवा खिचडी माझ्या पातळावर वाळवून पाहिली. चिकटून बसली. तिच्या पातळावरून मात्र अलगद सुटते. आता पातळाचाही हेवा करायचा, म्हणजे…