मंत्र्यांची चाळीस मिनिटं

सदर इसम राज्यशास्त्राचे प्राध्यापक असून, राज्यातील दबावगट सरकारकडून आपली कामे कशी करून घेतात, या विषयावर त्यांचा एकतीस वर्षांचा अधिकार आहे. स्वतःसाठी त्यांनी कधी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. पण गावातलं सरकारी डायलिसिस केंद्र बंद होणार अशी बातमी आली, आणि बायको म्हणाली, "अहो, मंत्र्यांच्या इतक्या मुलाखती घेतल्यात. एकदा माझ्यासाठी जा की!"

सर गेले. मंत्री दिलखुलास हसले. "या सर! आज कुणाची उणीदुणी काढायची?"

सरांचा हात सवयीने खिशातल्या वहीकडे गेला. केंद्र बंद व्हावं म्हणून खासगी रुग्णालयवाल्यांची संघटना किती वेळा भेटली, कुणाच्या ओळखीने आली, हे त्यांनी विचारलं आणि मंत्र्यांनी हातचं न राखता सांगितलं. चाळीस मिनिटं झाली, तसं पुढच्या माणसाला आत बोलावणं गेलं.

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"फार मोकळेपणाने बोलले."

"आणि आपलं केंद्र?"

सर वही उघडून पानं उलटू लागले. तिने ती हळूच मिटली. "राहू द्या. हातपाय धुऊन घ्या."

पुढच्या महिन्यात केंद्र बंद झालं. रुग्णांपैकी कुणाचीही हरकत प्राप्त झाली नाही, अशी सरकारदरबारी नोंद आहे. बायको आठवड्यातून तीनदा बसने दोन तास प्रवास करून डायलिसिसला जाते. येताना बहुतेक वेळा तिला बसायला जागा मिळत नाही.