गाडगंभर वांग्याचं बी

एका गुन्ह्याची फाईल कोर्टात केव्हाच निकाली निघाली. माझ्या डोक्यातून ती अजून निघालेली नाही.

तेव्हा मी परभणी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती. झरीकडच्या शिवारात वांग्याच्या संकरित जाती तयार करणारा एक बियाणेवाला तक्रार घेऊन आला. गावरान काटेरी वांग्याच्या फुलाला दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, फळ पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवायचं आणि त्याचं बी काढायचं, हे त्याचं काम. अशी पिकलेली दोन क्रेट फळं चोरीला गेली होती.

"साहेब, आता वांग्याचेही पंचनामे?" हवालदार हसला.

"खाणारा चोर जांभळी वांगी नेतो," तक्रारदार त्याला म्हणाला. "पिवळी नेतो तो बियाचा जाणकार."

मुद्दा बिनतोड होता. गुन्हा नोंदवला.

तिसऱ्या दिवशी बाजारातल्या भाजीवाल्याने खबर दिली, "शेजारच्या गावात एक म्हातारी हाय. तिच्या पत्र्यावर पिवळी वांगी वाळायलीत. आता घरी बी कोण धरतंय सायेब?"

दोन पंच घेऊन गेलो. पत्र्यावर चिरलेली वांगी, घरात राखेत मिसळलेल्या बियांचं गाडगं. मी सगळं ताब्यात घेतलं.

"हे माझ्या सासूच्या हातचं बी हाय," म्हातारी म्हणाली. "तुमच्या त्या बियाणेवाल्याला मीच दिलं व्हतं. बी मागितल्यावर न्हाई म्हणत न्हाई आमी."

"ते कोर्टात सांगा, बाई."

"मग चिमूटभर न्या की तपासायला. समदं कामून नेता? गावात दुसऱ्या कुणाकडं हे बी न्हाई. समदे इकतची रोपं आणायलेत."

मी ऐकलं नाही. अर्धवट जप्ती केली तर उद्या कोर्टात वकील धरणार. गाडगं कापडात बांधलं, लाख लावली, पंचांच्या सह्या घेतल्या. बाईला ठाण्यात आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी तक्रारदाराच्या शेतात मजूर बायकांचे जबाब घेतले. त्यातल्या एकीने मलाच विचारलं, "म्हातारीच्या फळाला लाल धागा हाय का? पराग लावला की आमी देठाला धागा बांधतो. फळ पिकलं तरी तो ऱ्हातो."

धागा नव्हता.

"तिनं तोडून टाकले असतील," शेतावरचा सुपरवायझर मध्येच बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"तुझ्या गाडीची डिकी उघड," मी त्याला म्हणालो.

आत लाल धाग्यांचे तुकडे होते. ठाण्यात आणल्यावर तासाभरात त्याने कबुली दिली. फळं त्याने गंगाखेड रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेला विकली होती. उरलेली तिथे सापडली, काहींच्या देठाला धागे होते तसेच.

बाईला घरी पाठवलं. गाडगं मात्र मुद्देमाल म्हणून नोंदलं गेलं होतं. चोर म्हातारीच आहे असा बचाव मांडत, सुनावणी संपेपर्यंत ते सोडू नये, असा अर्ज आरोपीच्या वकिलाने दिला. मी फारसा विरोध केला नाही. तीन खरीप गेले. आमच्या मुद्देमाल खोलीला पत्र्याचं छप्पर; परभणीचा उन्हाळा तिथे पुरा उतरतो.

कोर्टाचा हुकूम झाल्यावर मी स्वतः गाडगं नेऊन दिलं. पंधरवड्याने पुन्हा गेलो. तिने ते बी टाकलेला वाफा कोराच होता.

"रोज पाणी घालायलेय," म्हातारी म्हणाली.

मी तिथूनच बियाणेवाल्याला फोन लावून तिने दिलेल्या वाणाचं थोडं बी परत मागितलं. तो म्हणाला, "ते आता आमचं मूळ बियाणं आहे, साहेब. बाहेर देता येत नाही. तिला आमच्या हायब्रीडचं पाकीट घ्यायला सांगा, सवलत देतो."

मी तिला सांगितलं.

"त्याच्या रुमालात दोन मुठी बांधून दिल्या व्हत्या मी. पावती मागितली न्हाई," ती म्हणाली. "तुमी मातर पावती दिली व्हती सायेब. ती हाय माझ्याकडं."

त्या तपासात कुणाला त्रुटी सापडली नाही. चोर धरला, माल मिळवला, शिक्षा लागली. नमुना काढून घेऊन बाकीचं बी बाईच्याच ताब्यात ठेवण्याची परवानगी कोर्टाकडे मागता आली असती. ती सोय मला माहीत होती. वकिलाची भीती हे मी स्वतःला दिलेलं कारण होतं. खरं म्हणजे एक कागद जास्त लिहावा लागला असता, एवढंच.