पडद्यावरचा हार

पत्रकांची मांडणी आणि सुट्टीतले सिनेमे एकाच मॉनिटरवर व्हावेत म्हणून मी आणि बाबा गोंदियात जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानात गेलो. चोवीस इंची एक मॉनिटर मला लगेच आवडला. अक्षरं ठळक होती, डोळ्यांना त्रास नव्हता. दुकानदाराने पांढरं पान उघडलं, तेव्हा मधोमध एक फिकट हार दिसला. लंबगोल, आतून रिकामा.

“देवरी के फ्लेक्सवाले का है,” तो म्हणाला. “श्रद्धांजली का बोर्ड दिनभर खुला रहता था. छप गया.”

मला हसू आलं. एकच चित्र वर्षानुवर्षं ठेवलं की पडद्यावर डाग राहतो, एवढंच. भूत आणि करणीविरुद्धची पत्रकं बाबा लिहितात; ती बाजारात वाटतच मी मोठी झाले.

रंग दाखवायला दुकानदाराने कॅमेरा लावला. माझा चेहरा नेमका हारात बसला. मी बाजूला सरकले. कॅमेरा चेहरा सरकेल तसा आपोआप वळणारा होता. त्याने मला पुन्हा हारात आणलं.

बाबांनी स्विच बंद केला. “तो लहानवाला पाहू.”

“काऊन बाबा? डागच तं आहे.”

“मालूम आहे मले. तरी नको.”

मी त्यांना त्यांचंच पत्रक ऐकवणार होते. पण त्यांनी स्विचवरचा हात अजून काढला नव्हता. मी लहान मॉनिटर बांधून घेतला.

घरी तो पहिल्यांदा सुरू करताना मी बाबांना चहा ठेवायला पाठवलं, आणि ते गेल्यावरच पडद्याच्या मधोमध पाहिलं.