मांत्रिक पणजोबांना मार्क देताना

आमच्या घराण्यात नाव काढलेला माणूस एकच, आणि तो मांत्रिक निघाला. माझे पणजोबा. आमच्या गावात, निरवांगीत, त्यांच्याबद्दल लोक अजून बोलतात. त्यांनी डोळे वटारले की नाठाळ म्हैस मुकाट्यानं पान्हा सोडायची. साप चावलेला माणूस त्यांच्या ओट्यावरून उठून चालत घरी जायचा. आता बहुतेक साप बिनविषारीच असतात, त्यामुळे माणूस चालत जाणारच, पण हे निरवांगीत बोलायची सोय नाही.

गेल्या वर्षी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि स्मरणिका काढायचं ठरलं. माझ्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा, फोन आला.

"तू मास्तरीण हायस. पणजोबावर दोन पानं लिव्ह. पर जपून."

"जपून म्हणजे?"

"म्हंजी चांगलं."

मी बारामतीच्या शाळेत तीस वर्षं पेपर तपासले. कुणालाही मार्क दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. निवृत्त झाल्यापासून नवऱ्याच्या चहाला देते, दहापैकी चार. तेव्हा पणजोबांचेही दोन रकाने आखले. चांगल्या बाजूला बरंच जमलं. उपचाराचा पैसा त्यांनी कधी घेतला नाही, नारळ-सुपारीवर भागवलं. भर पावसात, चिखल तुडवत लोकांच्या हाकेला धावले. वाईट बाजूला गोष्ट एकच होती, पण जड होती. एका साली गावात पाठोपाठ तान्ही मुलं दगावली. घाबरलेले लोक पणजोबांकडे आले. त्यांनी सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि गावातल्या एका बाईचं नाव घेतलं. हिची नजर वाईट. तेव्हापासून त्या घरातल्या बायकांना पाचवीला, बारशाला बोलावणं बंद झालं. ती बाई गेली, तिची सून गेली, तरी नियम राहिला. माझ्या बारशालाही त्या घरी बोलावणं गेलं नव्हतं. आईनंच मला हे सांगितलं होतं, भाजीत मीठ किती घालावं हे सांगावं इतक्या सहज.

त्या बाईची नातसून आता सत्तरीची आहे. इंदापूरला मुलाकडे राहते. मी एसटीनं जाऊन थडकले. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. मी वही काढली आणि सरळ विचारलं, "काकू, आमचे पणजोबा माणूस म्हणून कसे होते? वाईट म्हणावं का नुसतेच भोळे?"

"मला काय म्हाईत? मी नांदायला आले तवा ते गेलं व्हतं." चार शेंगा फोडून झाल्यावर त्या हसत म्हणाल्या, "त्यांचं ऱ्हाऊ दे. तुमी मला बारशाला कवा बोलावलं, ते सांग."

मी वही मिटली. पुढच्याच आठवड्यात बारामतीजवळ कन्हेरीला आमच्या घरी माझ्या नातीचं, लेकीच्या मुलीचं, बारसं होतं. तिथल्या तिथं आमंत्रण दिलं. परतीच्या एसटीत मी स्वतःला दहापैकी दहा दिले, हेही कबूल करते.

बारशाला काकू आल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात स्वतः शिवलेली कुंची. बाळाचं नाक बापावर गेलंय की आजोबांवर, यावर पाळण्याभोवती बायकांचं रण माजलं होतं. बाळ माझ्याकडे होतं. काकू पुढं येऊन वाकल्या, आणि माझ्या हातानं झटकन पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं. हातानं नव्हे, मी झाकलं. त्या तर नुसती कुंची ठेवायला वाकल्या होत्या.

जन्मात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. पदर बाजूला केला, काकूंना पाटावर बसवलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी काही पाहिलंच नाही असं दाखवलं. बाळाचे तळवे कुरवाळले, पायाची बोटं मोजली, पैंजण सारखे केले. बराच वेळ झाला तरी त्यांची मान काही वर होईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"काकू, तोंड तरी बघा तिचं."

"नगं बाई. लेकरू नाजूक हाय. उगं माझी नजर कशाला?"

"असं काय बोलता? तुमची नातवंडं नाही का तुम्ही सांभाळली?"

"सांभाळली की. पर तोंड सव्वा महिन्यानं बघितलं. सुनंनं न्हाय काय म्हनलं. मीच."

पणजोबांचा निकाल माझ्यापुरता तिथंच लागला, नापास. दोन्ही रकाने गेले चुलीत. तात्यांना काय वाटायचं ते वाटो, स्मरणिकेत काकूंचं हे बोलणंच जाणार होतं. पण तो निकाल घेऊन काकूंनी काय करायचं होतं?

मी बाळ उचललं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मी हटले नाही. हात भरून आले, बाळानं माझी साडी ओली केली, तरी तशीच धरून बसले. शेवटी काकूंनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. बाळानं त्यांच्याकडे बघत भलीमोठी जांभई दिली.

"नाक तुझं हाय की गं," काकू म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.