पाय न वाजणारा जोड

त्या हिवाळ्यात आमची पलटण दिल्ली कँटला होती. कंपनीला मूव्ह ऑर्डर आलेली, काश्मीर. त्याआधी पीटी टेस्ट. रनिंगमध्ये जो फेल, तो रिअर पार्टीत. म्हणजे बाकीचे वर जाणार आणि हा मागे राहून स्टोअर राखणार.

लान्स नायक शिंदेची टाच बरेच दिवस दुखत होती. त्याचा चुलतभाऊ गुरगावच्या एका नव्या ऑफिसात होता. तिकडे काचेच्या बिल्डिंगी उगवत होत्या आणि मधल्या रिकाम्या प्लॉटांवर लोक कसलेकसले जोडे घालून पळायचे. भावाने शिंदेला तसलाच एक जोड दिला. सोल पापडासारखा पातळ. टाचेला उंची नाही. घातला काय, न घातला काय.

सुबेदार साहेबांनी तो दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलतात तसा.

"अनवाणीच पळायचंय, तर हे कशाला?"

"टाचेला बरं वाटतं, साब."

"लग्न कधी झालं तुझं?"

"दिवाळीनंतर, साब."

"अच्छा."

झालं. सगळ्या बराकीला तेवढं पुरलं. नवी बायको, दुखरी टाच, वर हा जोड. गडी मुद्दाम फेल होणार. शिंदे माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा, तरी मलाही तेच वाटलं.

तो मला एवढंच म्हणाला, "शेख, सेक्शन वर जाणार आणि मी इथं कुलपं हलवून बघत बसू काय?"

टेस्टच्या सकाळी धुकं दाट. मी टर्निंग पॉइंटवर. एक ड्रम, शिक्का, वॉकीटॉकी आणि कुठलं तरी कुत्रं. ड्रमला वळसा घालायचा, हातावर शिक्का घ्यायचा, परत पळायचं. माणूस दिसायचाच नाही. आधी पाय वाजायचे.

मधल्या वेळात मी माझा धंदा केला. इस्लामपूरच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून मार खायचो, इथं सुबेदार साहेब. त्यांच्या आवाजात कुत्र्याची परेड घेतली.

"ए जवान! शेपूट सावधान! हिल मत!"

पाय वाजले की मी गप्प.

थोड्या वेळाने वॉकीटॉकी बोलला. "टू फॉर वन. शिंदे टायमात फिनिशला. हातावर शिक्का नाही. ओव्हर."

"वन फॉर टू. इथं आलाच नाही. ओव्हर."

मी फिनिशला पोचलो तेव्हा साहेबांनी शिंदेचं मनगट धरून ठेवलं होतं.

"आम्हाला वाटलं, फेल होतोस. तू तर चोरून पास होतोस. शॉर्टकट कुठून मारला?"

"ड्रमला वळसा घातला, साब."

"मग शिक्का?"

"तुम्ही उभे होता, साब. जोड्यावरून टेस्टमधनं बाहेर काढाल, म्हणून थांबलो नाही. पलीकडून वळलो."

"मी? मी इथून हललो नाही."

"तुमचा आवाज ऐकला ना, साब. तुम्ही कुणाला तरी शेपूट सावधान करत होता."

साहेबांनी मान सावकाश माझ्याकडे वळवली.

"शेख."

"साब."

"ऐकव."

मी ऐकवलं. मागे कुणी तरी उगाच खोकलं.

"हे दुसऱ्या कुणी ऐकलं?"

"नाही, साब. पाय वाजले की मी बंद करतो. याचे वाजलेच नाहीत."

साहेबांनी शिंदेच्या पायांकडे बघितलं.

"शिंदे पास. शेख, गेटपर्यंत फ्रंट रोल." मी कोलांट्या मारत निघालो.

तेव्हापासून शिंदे ती नक्कल करायला लागला. फार वाईट करायचा. साहेबांचा आवाज त्याच्या तोंडून शेळीसारखा यायचा. जम्मूपर्यंत गाडीत तेच.

काश्मीरमध्ये एका पेट्रोलला शिंदे सगळ्यात पुढे होता. फायर आला. आम्ही त्याला खाली घेऊन आलो.

घरी पाठवायची त्याच्या सामानाची पेटी साहेबांनी स्वतः भरली. तो जोड सगळ्यात वर ठेवला, नाड्या आत खोचून, इन्स्पेक्शनला लावतात तसा. मग म्हणाले, "शेख, ते कुत्र्याचं ऐकव."

मी ऐकवलं. साहेबांच्या आवाजात नाही. शिंदे करायचा तसं, शेळीच्या आवाजात.

साहेब सावधान उभे राहिले.