एल्ड्रिजचा श्वास

एल्ड्रिज पेटवेला नोटेशन वाचता येत नव्हतं आणि पियानो तो दोन बोटांनी वाजवायचा. तरी मेम्फिसमध्ये त्याने एकतीस सोल गाणी, म्हणजे चर्चच्या ढंगात गायची प्रेमाची गाणी, लिहिली, बसवली आणि त्यांच्या तबकड्या काढल्या. त्यांतल्या बावीस तबकड्यांवर ऑर्गन माझा आहे, म्हणजे मी सांगतेय ते ऐकीव नाही. एरवी मी माझ्या पार्लरमध्ये बायकांचे केस सरळ करायचे. ऑर्गन वाजवून पोट भरतं असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल वाजवून बघावं.

आमचा स्टुडिओ म्हणजे फर्निचरचं एक बुडालेलं दुकान. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जुन्या गोधड्या ठोकलेल्या. चौसष्ट साली एल्ड्रिज टायरच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिथे आला. गाणं कागदावर उतरवता येत नसल्यामुळे तो प्रत्येकाला त्याचा त्याचा भाग गाऊन दाखवायचा. ड्रमवाल्याला ड्रम, मला ऑर्गन, सगळं तोंडाने. गायकासाठी अख्खं गाणं स्वतः टेपवर गायचा आणि म्हणायचा, "घरी ने, पाठ कर."

त्याला लहानपणापासून दमा. एका दमात ओळ संपायची नाही, मग शब्दाच्या मधेच श्वास ओढायचा. 'दार उघडंच आहे' या गाण्यात तो 'उघ' म्हणायचा, श्वास घ्यायचा आणि मग 'डंच'. आमचा गायक लाव्हेल स्टोक्स ती टेप घेऊन गेला आणि श्वासासकट पाठ करून आला.

मी म्हटलं, "अरे, तो दमेकरी आहे. तू चांगला रेड्यासारखा धडधाकट. शब्द कशाला तोडतोस?"

"गाणंच तसं आहे, मिस व्हर्लीन," लाव्हेल म्हणाला.

गाणं तुफान चाललं. माझ्या पार्लरमधल्या बायका म्हणायच्या, त्या जागी तो हुंदका देतो गं! कसला हुंदका! पण पुढे आमच्याकडे आलेला प्रत्येक गायक तसाच शब्दाच्या मधे श्वास ओढायला लागला. आमच्या स्टुडिओची ती खूणच झाली.

एल्ड्रिजची इच्छा एकच होती. एक तरी तबकडी स्वतःच्या आवाजात निघावी. अडुसष्टच्या शरद ऋतूत मालक क्रेनशॉ एकदाचा हो म्हणाला आणि आम्ही ती केली. त्या दिवशी एल्ड्रिज जसा गायला तसं मी चर्चमध्येसुद्धा फार थोड्यांचं ऐकलंय. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तबकडी घेऊन रेडिओवर गाणी लावणाऱ्या हॉरेसकडे गेलो. त्याने अर्धी ऐकली आणि सुई उचलली.

"गाणं झकास आहे," तो म्हणाला. "पण लाव्हेलची किती नक्कल करशील, बाबा? श्वाससुद्धा त्याचाच चोरलास!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात एल्ड्रिजने माझा दंड धरला आणि स्वतःच हसला. परतताना गाडी तोच चालवत होता. स्वतःच्या गल्लीवरून दोनदा पुढे गेला.

"व्हर्लीन," शेवटी म्हणाला, "माझं म्हणून आता काही उरलं नाही बघ."

त्यानंतर तीन आठवडे त्याने स्टुडिओत पाऊल टाकलं नाही. क्रेनशॉचा निरोप आला तर दार उघडेना. मग कळलं, टायरच्या कारखान्यात जाऊन तो जुनी नोकरी मागून आलाय आणि सोमवारी हजर व्हायचंय. मला रागही आला आणि रडूही आलं.

त्याच्या आदल्या शनिवारी त्याची आई, मदर पेटवे, माझ्याकडे केस करायला आली. चर्चमध्ये पांढरे कपडे घालून पहिल्या बाकावर बसणाऱ्या मानाच्या म्हाताऱ्यांना आम्ही मदर म्हणतो, त्यांतली ती. प्रेमाबिमाची गाणी तिच्या लेखी सैतानाची. पोराने चर्चचं गाणं सोडून ही धरली तेव्हापासून तिने त्याचं एक गाणं ऐकलं नव्हतं. ती खुर्चीत बसायच्या आधी रेडिओ बंद, हा माझ्या पार्लरचा नियम होता. त्या दिवशी एल्ड्रिजच्या काळजीत मी तो विसरले.

माझ्या एका हातात तापलेला लोखंडी कंगवा, दुसऱ्या हातात मदरचा कान दुमडलेला, आणि रेडिओवर लाव्हेल सुरू झाला. कानाशी तापला कंगवा असताना कोणी हलत नाही. ती हलली नाही आणि मीही नाही. 'दार उघ', श्वास, 'डंच आहे'.

"एल्ड्रिजची छाती परत भरलीय का गं?" मदरने विचारलं.

"मदर, तो एल्ड्रिज नाही. लाव्हेल स्टोक्स आहे."

"गाईना का कोणीही. ती मधली ओढ माझ्या पोराची आहे. सहा हिवाळे त्याला छातीशी उभा धरून बसलेय मी. ती ओढ आली की कळायचं, अजून आहे. मला तू शिकवतेस?"

मी कंगवा खाली ठेवला. तिने पर्समधून कापराच्या मलमाचा डबा काढून माझ्या हातात दिला. "रात्री छातीला चोळ म्हणावं. आणि वर फ्लॅनेल बांध."

रविवारी चर्च सुटल्यावर मी एल्ड्रिजच्या घरी गेले. दार ठोठावून हाका मारल्या, "आईने औषध दिलंय!" तेव्हा त्याने उघडलं. मी सगळं शब्दाला शब्द सांगितलं. त्याने डबा उघडून वास घेतला.

"गात लाव्हेल होता ना?"

"लाव्हेलच."

"आणि तिला मी ऐकू आलो?"

"हो रे बाबा, हो."

तो तिथेच पायरीवर बसला आणि मोठ्याने रडला. मीही शेजारी बसले.

सोमवारी दहा वाजता तो कारखान्याऐवजी स्टुडिओत आला. अंगाला कापराचा एवढा वास, की ड्रमवाला नाक धरून म्हणाला, "आजीबाई, या!" एकतीसपैकी चौदा गाणी त्याने त्यानंतर केली. त्याची स्वतःची ती तबकडी मात्र कोणी वाजवली नाही.

मदरने ती गाणी सैतानाचीच मानली, शेवटपर्यंत. पण शनिवारी माझ्या खुर्चीत बसली की म्हणायची, "लाव तो रेडिओ. पोराची छाती कशी आहे बघू."