ताटांच्या खिडकीमागची साहेबीण

माझी सून मुलांना परदेशी शिकायला धाडते. कुठलं कॉलेज, कुठले कागद, व्हिसाच्या मुलाखतीला काय बोलायचं, सगळं सांगते. बावीस वर्षं झाली. ऑफिस म्हणजे आमची पुढची खोली. तिच्या भिंतीला स्वयंपाकघरातून ताटं सरकवायची खिडकी आहे. मुलाखतीची तालीम असली की त्या खिडकीमागे साहेब म्हणून मी बसते.

शिकले मी दुसरीपर्यंत, पण प्रश्न तोंडपाठ. का जायचं? तिथेच का? परत येणार का? मुलं घामाघूम होतात.

"आजी, खरा साहेब एवढा खडूस नसतो हो!"

"मग तिथे जाऊन हसशील. इथे घाम गाळ."

शेवटी सगळ्यांना एकच सांगायचे, "खोटं बोललास की डोळ्यांत दिसतं. विचारलं तर खरं सांग."

गेल्या साली तिकडचं सरकार बदललं. तेव्हापासून नियमांचा नुसता पोरखेळ. काल सांगितलेलं आज खोटं. सूनबाई उठल्याबरोबर चहाआधी फोन बघायची आणि कपाळाला हात लावायची.

त्यातच आमची चष्मेवाली. बाप नाही, आई नर्स. पाण्यातल्या जंतूंवर शिकायला निघालेली, शिष्यवृत्तीसुद्धा मिळवलेली. तिने कधीतरी फोनवरच्या आपल्या खात्यावर त्या सरकारविरुद्ध चार ओळी लिहिल्या होत्या. तिकडे आता पोरांचं लिहिलेलं वाचतात, असं सुनेच्या कानावर आलं.

"खातंच बंद कर," सून म्हणाली.

"पण मॅडम, खरं तेच लिहिलं होतं मी."

"खरं असू दे गं. आधी जा, मग लिही."

पोरीने खातं कायमचं बंद केलं. तीन आठवड्यांनी नवा नियम आला. खाती उघडी ठेवून दाखवायची. ज्याचं बंद, त्याने काहीतरी लपवलंय. आगीतून फुफाट्यात!

मुलाखतीत साहेबाने विचारलंच, खातं का बंद केलंस? पोरीला माझा धडा आठवला. म्हणाली, "आमच्या मॅडमनी सांगितलं."

व्हिसा नाकारला. कॉलेजने जागा दुसऱ्याला दिली, शिष्यवृत्तीही गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि खिडकीसमोरच्या खुर्चीत बसली. रडली नाही. चष्मा पुसत म्हणाली, "आजी, तुम्ही सांगितलं तसंच केलं मी."

पोळ्या लाटायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं. सून तिला म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." पोरीने मान हलवली. आम्हा तिघींपैकी एकीचाही त्यावर विश्वास नव्हता.

सोमवारी दोघी बहिणी तालमीला आल्या. मी सवयीने स्टुलावर बसले, पदर सारखा केला. सून दारातच उभी राहिली.

"तुम्ही दुसरीकडे विचारा. मला आता सांगता येत नाही."

"मॅडम, नुसतं काय बोलायचं तेवढं तरी?"

"तेच माहीत नाही गं मला."

दार लावून ती आत आली आणि माझ्यासमोर बसली. "आई, चुकलं कोणाचं? तुमचं की माझं?"

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना प्रश्न विचारले. हा एक प्रश्न ऐकून मी स्टुलावरून उठले आणि ताटं वाढायला घेतली.

आता त्या खिडकीतून फक्त ताटं सरकतात. तीही बहुतेक अर्धी भरलेली परत येतात.